खाडीला सातबारा नसतो

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘पर्यावरण आणि मुस्लिम तरुण’ असा विषय दिला होता. एवढा मोठा विषय घेऊन बोललं की सगळे माना डोलावतात आणि चहाला जातात. म्हणून मी विषय लहान केलाय. आज मी एका गावाबद्दल आणि त्या गावासमोरच्या पाण्याबद्दल बोलणार आहे. मग आपल्या गावांकडे येईन.

त्या गावाचं नाव नावशी. गोव्यात पणजीहून मडगावच्या दिशेने निघालात की बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल लागतं. तिथून समुद्राच्या बाजूला उतरलं की झुआरी नदीच्या मुखाशी हे छोटं गाव आहे. समोर, पाण्यापलीकडे, मुरगाव बंदर. एका बाजूला दोना पावलाचं टोक, दुसऱ्या बाजूला शिरदोण आणि आगशी. नदी आणि समुद्र जिथे एकमेकांत मिसळतात तिथलं हे पाणी. गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथे माशांची पिल्लं वाढतात, शिंपल्या वाढतात, कोळंबी वाढते. आपल्यापैकी जे खाडीकाठचे आहेत त्यांना हे सांगायची गरज नाही.

या नावशीच्या उपसागरात मरिना बांधायची योजना आली. मरिना म्हणजे खासगी होड्यांचा, यॉटींचा तळ. ही जागा मुरगाव बंदराच्या हद्दीत धरली जाते, आणि बंदर प्रशासनाने ती मरिनासाठी एका खासगी कंपनीला देऊ केली. गावाने विरोध केला. ग्रामसभेत केला, रस्त्यावर केला. हा विरोध दोन-चार महिन्यांचा नाही. दहा वर्षांहून जास्त काळ तो चालला आहे. सरकारं बदलली, आमदार बदलले, बंदराच्या कारभाराचा कायदासुद्धा २०२१ मध्ये बदलला. मच्छीमारांची एक पिढी म्हातारी झाली, पण मागणी तीच राहिली, ‘मरिना नको’.

आता तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात प्रश्न आला असेल की नावशीशी आपला काय संबंध? ही लढाई लढणारे लोक प्रामुख्याने मुस्लिम नाहीत. गाव महाराष्ट्रातलंही नाही. बरोबर. म्हणूनच मी तिथून सुरुवात केली. आपल्यावर आलं तरच आपण उठायचं, ही सवय आपल्याला लागली आहे. ती मोडायची असेल तर दुसऱ्याच्या लढाईकडून शिकण्यापासून सुरुवात करावी.

आधी मरिना म्हणजे नेमकं काय करतात ते समजून घेऊ. जाहिरातीतल्या चित्रात निळं पाणी, पांढऱ्या होड्या आणि लाकडी फळ्यांवरून चालणारी माणसं दिसतात. खरं काम पाण्याखाली असतं. यॉट उभी राहायला शांत पाणी लागतं. पाणी शांत करायचं तर लाटा अडवाव्या लागतात, म्हणजे दगडांची लाटरोधक भिंत समुद्रात घालावी लागते. लाटांबरोबर वाळूही वाहत असते. भिंतीने ती वाट अडली की एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा खचायला लागतो. ज्या बाजूचा किनारा खचतो तिथे बहुधा गरिबांची घरं असतात.

दुसरी गोष्ट खोलीची. खाडीतलं पाणी उथळ असतं. मोठी होडी आत आणायची तर तळ खोदावा लागतो. खोदताना गाळ उसळतो आणि पाणी गढूळ होतं. शिंपली, कालवं, तिसऱ्या हे जीव पाणी गाळून जगतात. त्यांच्यावर गाळाचा थर बसला की ते गुदमरतात. शिवाय खोदकाम एकदा करून संपत नाही. खाडी पुन्हा भरते, पुन्हा खोदावं लागतं.

तिसरी गोष्ट तेल, रंग आणि सांडपाण्याची. होडीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी रंग लावतात. कथिलाचं संयुग असलेल्या जुन्या रंगांनी जगभरच्या खाड्यांत इतकं नुकसान केलं की २००८ पासून त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली. आता तांब्याचे रंग वापरतात. भिंतीने अडवलेल्या पाण्यात हे सगळं साचून राहतं, कारण भरती-ओहोटीला आत-बाहेर खेळायला पूर्वीइतकी जागा उरत नाही.

आणि चौथी गोष्ट सर्वांत साधी. फाटक. जिथे कोट्यवधींच्या होड्या उभ्या असतात तिथे सुरक्षारक्षक असतो. त्याच्यासमोरून पाटी घेऊन चिखलात उतरणाऱ्या बाईला तो काय विचारणार? ‘कुठे चाललात?’ तिची आजीसुद्धा त्याच वाटेने उतरत होती, पण तिच्याकडे दाखवायला कागद नाही.

नावशीच्या समोर, झुआरीच्या दुसऱ्या तीरावर, चिखलीचा उपसागर आहे. तिथे एक शिंपला मिळतो. पातळ, चपटा, अर्धपारदर्शक. जुन्या गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी हेच शिंपले बसवलेले असत. त्यातून उजेड येई आणि ऊन अडे. आज हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. म्हणजे ज्या जिवाला वाचवायचं असं सरकारने कागदावर ठरवलं, त्याच्याच घराच्या आसपास दुसरा सरकारी कागद होड्यांच्या तळाला जागा देतो. यातला कोणता कागद जिंकतो हे बरेचदा तिथल्या माणसांवर अवलंबून असतं.

गोव्यातल्या मच्छीमारांना ही गोष्ट ठाऊक होती, कारण त्यांच्या पाठीशी इतिहास आहे. १९७० च्या दशकात तिथे रापणकारांचं मोठं आंदोलन झालं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासे आणि माशांची बीजंही खरवडून न्यायला लागले, तेव्हा रापणकार संघटित झाले. माथानी साल्ढाणा हे त्यांचे नेते. पुढे १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्याजवळच्या पाण्यात यांत्रिक बोटींना बंदी घालण्याची सोय झाली. त्या आंदोलनात ख्रिस्ती होते, हिंदू होते. जाळं ओढताना दोरीला लागलेला हात कोणाचा ते कोणी विचारत नाही. तीच पद्धत त्यांनी आंदोलनात आणली.

आता आपल्या बाजूला येऊ.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारा मुस्लिम समाज आहे. दालदी म्हणतात त्यांना. आपल्यातल्या शिकलेल्या, खानदानी म्हणवणाऱ्या घरांनी त्यांना कायम थोडं खालचं मानलं, हेही आज बोलून टाकलं पाहिजे. सोयरीक जुळवताना आपण जात मानत नाही असं म्हणतो आणि मग हळूच विचारतो, ‘त्यांचा धंदा काय?’ समुद्राचा प्रश्न आपल्या सभांत, आपल्या मासिकांत उशिरा आला, त्याचं एक कारण हे आहे.

राजापूर तालुक्यातलं साखरी नाटे हे असंच मच्छीमारांचं गाव. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आला तेव्हा माडबन, मिठगवाणे या गावांची जमीन जाणार होती. साखरी नाट्याची जमीन जाणार नव्हती. जाणार होतं ते पाणी. प्रकल्पातून बाहेर पडणारं गरम पाणी समुद्रात सोडलं जाणार, सुरक्षेच्या नावाखाली मासेमारीवर बंधनं येणार, ही त्यांची भीती. १८ एप्रिल २०११ ला तिथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मारला गेला.

त्या आंदोलनातून मला एक गोष्ट शिकायला मिळाली. ज्याची जमीन जाते तो ‘प्रकल्पग्रस्त’ असतो. त्याच्या नावावर सातबारा असतो, त्याला नोटीस येते, मोबदल्याचा दर ठरतो, दर कमी वाटला तर तो कोर्टात जातो. ज्याचं पाणी जातं तो कागदावर कोणीच नसतो. खाडीला सातबारा नसतो. ज्या पाण्यावर तुमच्या चार पिढ्या जगल्या त्या पाण्यावर तुमचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. नावशीच्या माणसांची अडचण हीच आहे आणि साखरी नाट्याच्या माणसांची हीच होती. एक गाव गोव्यातलं, एक कोकणातलं. धर्म वेगळा, बोली वेगळी, कागद मात्र दोघांकडेही नाही.

मग ही खाडी कोणाची? कायदा काय म्हणतो ते बघा. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ खटल्याचा निकाल दिला. हिमाचलमध्ये बियास नदीकाठची वनजमीन एका हॉटेलला दिली गेली होती आणि हॉटेल वाचवण्यासाठी नदीचा प्रवाहच वळवण्यात आला होता. न्यायालयाने सांगितलं की नद्या, किनारे, जंगलं यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. लोकांसाठी सांभाळायला दिलेली वस्तू विश्वस्ताला खासगी फायद्यासाठी देऊन टाकता येत नाही. तो भाडेपट्टा रद्द झाला.

आपल्याला ही कल्पना नवी वाटू नये. अमानत हा शब्द आपल्या घरात रोज वापरला जातो. एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा आहे की पाणी, कुरण आणि अग्नी यांवर सर्वांचा सामायिक हक्क आहे. मी हे सांगतो, पण त्याबरोबर एक गोष्ट बजावतो. कलेक्टरसमोर जाताना हदीस नेऊ नका, नकाशा न्या. धर्माने तुमच्या मनाला बळ द्यावं. पण मागणी करताना तुम्ही या देशाचे नागरिक म्हणून, त्या खाडीवर जगणाऱ्या सगळ्यांच्या वतीने बोलायचं आहे. तुमच्या शेजारचा भंडारी, खारवी, कोळी, गाबीत तुमच्याबरोबर उभा राहू शकेल अशीच भाषा तुमच्या निवेदनात हवी.

याचं कारण तुम्हाला माहीत आहे. किनाऱ्यावर मुस्लिम नाव असलं की मच्छीचा प्रश्न बघता बघता सुरक्षेचा प्रश्न केला जातो. ‘ते’ विरोध करताहेत असं एकदा चिकटलं की मुद्दा बाजूलाच राहतो. यावर उत्तर म्हणून गप्प बसायचं, हा काही जणांचा सल्ला असतो. माझा सल्ला उलटा आहे. एकट्याने बोलू नका आणि गप्पही बसू नका. सगळ्या वाड्यांना घेऊन बोला.

आता एक माझी चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. आमच्या तालुक्यात खाडीच्या तोंडाशी एक प्रकल्प येणार होता. त्याची जनसुनावणी लागली. जमातीच्या बैठकीत आम्ही तरुणांनी जोरात ठराव केला की सुनावणीवर बहिष्कार टाकायचा. ठरल्याप्रमाणे आम्ही दोन-अडीचशे जण गेलो, घोषणा दिल्या, फलक दाखवले आणि सभागृहातून बाहेर पडलो. बाहेर एकमेकांना मिठ्या मारल्या. काय वातावरण होतं म्हणून सांगू!

काही महिन्यांनी माहिती अधिकारात त्या सुनावणीचं इतिवृत्त मागवलं. त्यात आमच्याबद्दल दोन ओळी होत्या. काही लोकांनी घोषणा दिल्या आणि ते निघून गेले. त्यानंतर जे आठ-दहा जण आत उरले त्यांची भाषणं सविस्तर नोंदवलेली होती. रोजगार मिळावा, रस्ता व्हावा, शाळेला मदत मिळावी. झालं. कागदावर आमचा तालुका प्रकल्पाची वाट बघत बसला होता.

मग मी २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना पहिल्यांदा वाचली. आधी वाचायला हवी होती. त्यात स्पष्ट लिहिलंय की सुनावणीला गणसंख्येची अट नाही. दहा माणसं असली तरी सुनावणी होते. म्हणजे आम्ही बाहेर पडल्याने काहीच अडलं नव्हतं.

त्यापेक्षा मोठी चूक वेगळीच होती. माझी फुफी त्या दिवशी आली होती. चाळीस वर्षं ओहोटीला खाडीत उतरून कालवं काढलेली बाई. कोणत्या खडकावर कधी काय मिळतं हे तिच्याइतकं त्या सभागृहात कोणालाच माहीत नव्हतं. ती बाहेर आंब्याच्या झाडाखाली बसून राहिली. तिला कोणी आत बोलावलं नाही. मीही नाही. घरी जाताना ती म्हणाली, “तुम्ही लोकांनी ओरडून घेतलंत, मला साहेबाला एक गोष्ट सांगायची होती, ती राहूनच गेली.”

तो प्रकल्प पुढे रखडला. पण आमच्यामुळे नाही, पैशाच्या अडचणीमुळे. त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही. फुफीचं वाक्य मात्र मला सोडत नाही.

म्हणून आज तुमच्या हातात काही उपयोगी गोष्टी देतो. वह्या उघडा.

पहिली गोष्ट, जनसुनावणीची. बंदर, लाटरोधक भिंत, गाळ उपसा अशा मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यासाठी बहुतेक वेळा जनसुनावणी घ्यावी लागते. तिची जाहिरात किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. प्रकल्प अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. मसुदा अहवाल कलेक्टर कचेरीत, जिल्हा परिषदेत वाचायला ठेवावा लागतो. सुनावणीचे अध्यक्ष कलेक्टर किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जापेक्षा कमी नसलेले अधिकारी असतात. सगळ्याचं चित्रीकरण होतं. आणि शेवटी, हे अधोरेखित करा, इतिवृत्त उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. म्हणजे शेवटपर्यंत थांबा. वाचून दाखवलेलं चुकलं असेल तर तिथल्या तिथे उभं राहून सांगा. ज्यांना येता येत नाही त्यांनी लेखी आक्षेप द्या आणि पोहोच घ्या. शिक्का नसलेला कागद दिला नाही असं समजा.

२०१७ मध्ये मुरगाव बंदरातल्या कोळसा हाताळणी वाढवण्याच्या प्रकल्पांवर वास्कोत जनसुनावणी झाली. ती अनेक दिवस चालली. कारण लोक एकेक करून बोलत राहिले. डॉक्टर बोलले, मच्छीमार बोलले, गृहिणी बोलल्या. बाहेर पडण्याऐवजी ते रांगेत उभे राहिले. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, तिथे विरोध झाला म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही, हे मला मान्य आहे. पण पुढे कोर्टात तुम्ही जे मांडणार त्याचा पाया तिथेच घातला जातो.

दुसरी गोष्ट, किनारा नियमनाची. किनारपट्टीच्या बांधकामांवर पहिली अधिसूचना १९९१ ला आली, मग २०११ ला, मग २०१९ ला. भरतीचं पाणी जिथवर जातं अशा खाड्यांच्या काठाने पूर्वी १०० मीटरचा पट्टा किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते नियंत्रणाखाली होतं. २०१९ ला तो पट्टा ५० मीटरवर आणला. तुमच्या गावात हा फरक कुठे पडतो ते मोजून बघा. याच नियमांनुसार होणाऱ्या नकाशांत मच्छीमार वस्त्या आणि त्यांच्या सामायिक जागा दाखवायच्या असतात. जाळी सुकवायची जागा, होड्या ओढायची जागा, मासे वाळवायचं खळं. तुमच्या गावाचा नकाशा काढून बघा. त्यावर ती जागा कोरी दिसत असेल तर उद्या ती जागा रिकामी आहे असंच कोणीतरी म्हणणार.

तिसरी गोष्ट, आपली स्वतःची नोंद. खाडीला सातबारा नसतो, तर आपण तिची वही तयार करू. कोणत्या महिन्यात कुठे काय मिळतं. किती होड्या, किती जाळी. कोणत्या खडकावर कालवं, कोणत्या चिखलात तिसऱ्या. किती बायका ओहोटीला उतरतात. हे शेवटचं कधीच कोणी मोजत नाही, कारण बाईच्या नावावर होडी नसते, परवाना नसतो. सरकारी भाषेत ती मच्छीमारच नसते. तुमच्यातल्या मुलींना मी मुद्दाम सांगतो, हे काम तुम्हीच करू शकाल. फुफी माझ्याशी जेवढं बोलेल त्याच्या दहापट तुमच्याशी बोलेल. मोबाइलवर जागेची खूण घ्या, तारीख घाला, फोटो काढा. सहा महिन्यांत तुमच्या हातात असं काही असेल जे कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात नाही. अहवालात ‘या भागात मासेमारी नगण्य’ असं छापलं असेल, तेव्हा ही वही पुढे करा.

चौथी गोष्ट, मुदत. पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात. सबळ कारण असेल तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस. त्यापुढे दार बंद. आपल्या भागासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. आपली बैठक ईदनंतर, मग लग्नसराईनंतर, मग पावसाळ्यानंतर होते. मुदत कोणासाठी थांबत नाही.

आणि पाचवी, मागणी नेमकी हवी. मुंबईत सागरी किनारा मार्ग बांधताना वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी एक नेमका मुद्दा धरला. पुलाच्या दोन खांबांमधलं ६० मीटर अंतर आमच्या होड्यांना पुरत नाही. लाटा, वारा, बंद पडलेलं इंजिन, सगळा हिशेब त्यांनी मांडला. त्यांनी मागितलं त्यापेक्षा कमीच मिळालं, पण डिसेंबर २०२२ मध्ये ते अंतर १२० मीटर करायचं सरकारला मान्य करावं लागलं. एक खांब कमी झाला. तुमच्या-माझ्यासाठी तो एक खांब, तिथल्या होडीवाल्यासाठी घरी परत येण्याची वाट.

आता दुसरी बाजू. दर वेळी कोणीतरी विचारतं, विचारलंच पाहिजे, की मग विकास नको का? आमच्या गावात काम नाही. अर्धं गाव आखातात आहे, अर्ध्या घरांना कुलूप आहे. मरिना आली तर चार पोरांना नोकरी लागेल.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्याचं उत्तर मागण्यांमध्ये असलं पाहिजे. आम्हाला मच्छीमारांचा धक्का हवा, बर्फाचा कारखाना हवा, शीतगृह हवं, खाडीतला साचलेला गाळ होड्यांच्या वाटेपुरता काढून हवा, इंजिन दुरुस्तीचं प्रशिक्षण हवं. कंपनीला विचारा की किती नोकऱ्या, कोणत्या, किती वर्षांच्या, आणि हे करारात लिहून देणार का? मग शेजारी दुसरा आकडा मांडा, आज या खाडीवर किती घरं जगतात. वही तयार असेल तरच हा आकडा मांडता येईल.

आणि एक कडू गोष्ट. किनाऱ्यावरच्या जमिनी विकत घेऊन देणारे दलाल आपल्यातही आहेत. शुक्रवारी पहिल्या सफमध्ये बसतात. त्याचप्रमाणे पर्ससीनची मोठी जाळी आणि रात्रीचे एलईडी दिवे वापरणाऱ्यांमध्येही आपली माणसं आहेत. एलईडी मासेमारीवर २०१७ मध्ये बंदी आली, पर्ससीनवर राज्यात २०१६ पासून निर्बंध आहेत, तरी काय चालतं ते किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. रापणकार ज्यांच्याविरुद्ध उठले ते बाहेरून आलेले राक्षस नव्हते. त्यांच्याच किनाऱ्यावरचे पैसेवाले होते. खाडी सगळ्यांची आहे असं यॉटवाल्याला सांगायचं असेल तर ते आधी आपल्या पर्ससीनवाल्या चाचांना सांगता आलं पाहिजे. हे अवघड आहे. मोर्चा काढण्यापेक्षा अवघड. दस्तरख्वानावर समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं असतं ना.

नावशीचं पुढे काय होईल, ते मी सांगू शकत नाही. अशा योजना मरत नाहीत, फायलीत झोपतात आणि दुसरं नाव घेऊन उठतात. संसदेने २०१६ मध्ये कायदा करून देशातल्या १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला, त्यात झुआरीही आहे. म्हणजे नदीबाबतचे निर्णय गावापासून आणखी दूर गेले. तरीही ते छोटं गाव एवढी वर्षं उभं आहे. त्यांच्याकडे मोठा नेता नाही, पैसा नाही. पाण्याची रोजची ओळख तेवढी आहे, आणि ग्रामसभेला न चुकता जायची सवय.

तुमच्यातल्या किती जणांनी आपल्या गावाच्या ग्रामसभेत गेल्या वर्षी पाऊल टाकलं? हात वर करा. चार. पाच. ठीक आहे, लाजू नका. जमातीच्या बैठकीला जाणारे जास्त असतील. जमातीत जरूर जा. पण खाडीचा ठराव ग्रामसभेत होतो. तिथे भंडारवाडीतले असतात, बौद्धवाडीतले असतात, आणि त्यांनाही ओहोटीला त्याच चिखलात उतरायचं असतं.

परवा गावी गेलो होतो. फुफी आता थकली आहे, खाडीत उतरत नाही. मी वही घेऊन बसलो. एकेक खडकाचं नाव विचारलं. खडकांना नावं असतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तिने सतरा नावं सांगितली. मग थांबली आणि म्हणाली, “लिहिलंस ना? आता साहेबाला नेऊन दे.”

कोणत्या साहेबाला, ते अजून ठरायचं आहे. पण वही तयार आहे. तुमचीही होऊ द्या.